पाचवा बोल्ट

गाडीचा मागचा टायर बसलाय हे अख्ख्या चेंदणी कोळीवाड्यात सगळ्यांत आधी आवडाबाईला कळलं. कळणारच! सकाळी सहापासून ती गाडीभोवती घिरट्या घालत होती. एकदा काच पुसायला, एकदा हार सरळ करायला, एकदा नुसतंच, समोरची सुहासिनी खिडकीत आहे का ते बघायला. चौथ्या फेरीला, दहाच्या सुमाराला, बघते तर काय, डावीकडचं मागचं चाक पार जमिनीला टेकलेलं.

"आयो!" ती ओरडली. "प्राप्ती! गो प्राप्ती! तुझ्या गाडीची हवा गेली!"

गाडी सेकंडहँड होती, सात वर्षांची. म्हणून काय झालं? कोळीवाड्यात स्वतःच्या नोकरीवर गाडी घेणारी आणि स्वतः चालवत दारात आणणारी पोरगी एकच, आणि ती आवडाबाईची. हॉस्पिटलात एक्स-रे काढते पोरगी, आहात कुठे! गेल्या दहा दिवसांत ही गोष्ट आवडाबाईची मासळी बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून झाली होती. पापलेट घेणाऱ्याला सांगितली, नुसता भाव विचारून पुढे जाणाऱ्यालाही हाक मारून सांगितली.

आणि आज तर तिला याच गाडीतून कल्याणला उत्तमच्या दारात उतरायचं होतं. उत्तम तिचा थोरला भाऊ. त्याच्या नातवाचा साखरपुडा होता, दुपारी साडेबाराला. प्राप्ती बारावी झाली तेव्हा ह्याच उत्तमने सगळ्या गोतावळ्यासमोर म्हटलं होतं, "पोरीला शिकवून काय करणार आवडे? शेवटी मासळीची पाटीच घ्यायची ना डोक्यावर?" आवडाबाईने तेव्हा तोंडातून शब्द काढला नव्हता. ती गप्प बसल्याचा तिच्या आयुष्यातला तेवढा एकच प्रसंग, आणि तो तिला आठ वर्षं टोचत होता.

प्राप्ती ओल्या केसांनीच बाहेर आली. चाक बघून म्हणाली, "एवढंच ना? स्टेपनी आहे की डिकीत. पंधरा मिनिटांचं काम." तिने पाना काढला, चाकाशी बसली आणि थबकली.

चाकाला पाच बोल्ट. चार साधे, सहा कोनांचे, पाना बसेल असे. पाचवा मात्र गोल गुळगुळीत, आणि तोंडावर फुलासारखी वेडीवाकडी खाच. त्याला लावला की पाना नुसताच गरकन फिरायचा.

"हा लॉकचा बोल्ट आहे आये," प्राप्ती म्हणाली. "चोरांनी चाकं काढून नेऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एक असतो. त्याची चावी वेगळी. चावी म्हणजे काय, एवढासा लोखंडाचा तुकडा. ह्या खाचेत बसेल असे दाते असलेला." तिने अंगठा आणि बोट यांच्यामध्ये माप दाखवलं.

ते माप आवडाबाईने नीट बघितलं. एवढासा तुकडा. दाते असलेला. तो तिने बघितला होता. बघितला काय, ह्या हातात घेतला होता!

गाडी आली त्या दिवशी पूजेच्या आधी तिने गाडी आतून बाहेरून रिकामी केली होती. जुन्या मालकाचं वाळकं लिंबू-मिरची, रंग उडालेला देवाचा फोटो, तुटकी माळ. दुसऱ्याच्या घरची पीडा आपल्या दारात कशाला? आणि डिकीच्या कोपऱ्यात सापडली लाल कापडाची पिशवी. तोंड दोऱ्याने घट्ट बांधलेलं, आत काळं लोखंड, त्याला दात. लाल कापड आणि आत लोखंड! कोणी, कोणासाठी, काय करून ठेवलंय, देव जाणे. आवडाबाईने वर तांदूळ टाकले, निर्माल्याबरोबर सगळं एका फडक्यात बांधलं, भरतीची वेळ साधून बंदरावर गेली आणि दिलं खाडीत भिरकावून. हात जोडले, मागे वळून न बघता घरी आली. असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, म्हणून कोणाला बोलली नाही.

इकडे प्राप्तीने गाडीच्या जुन्या मालकाला फोन लावला. मुकुल सर, डोंबिवलीचे, निवृत्त शिक्षक. फोन स्पीकरवर होता.

"काका, लॉकची चावी तुम्ही दिलीच नाहीत."

"दिली आहे, बाळ. डिकीत उजव्या कोपऱ्यात, लाल पिशवीत. हरवू नये म्हणून आमच्या हिने मुद्दाम पिशवी शिवून दिली होती."

"डिकी मी स्वतः उलटीपालटी केली. काही नाही तिथे. नसेल दिली तर तसं सांगा ना, खोटं कशाला बोलता? इतकी वर्षं मुलांना शिकवलंत आणि..."

मग म्हातारा हळूच म्हणाला, "मी दिली आहे," आणि फोन बंद झाला.

आवडाबाईचे कान तापले. बोल, आत्ता बोल, तिचं मन म्हणत होतं. बाजाराच्या ह्या टोकावरून त्या टोकाच्या माणसाला हाक मारणारी तिची जीभ टाळ्याला चिकटली. उत्तमची लाज नव्हती तिला. लाज होती ती ह्या पोरीची. अख्ख्या गावाला जिचं कौतुक सांगितलं, ती पोरगी आता आपल्याकडे बघणार आणि म्हणणार, आये, तू अडाणी ती अडाणीच राहिलीस. ते तिला ऐकवणार नव्हतं.

प्राप्तीने बोल्टचा फोटो काढून माजिवड्याच्या टायरवाल्या बंटीला पाठवला. बंटीचा लगेच फोन. "मॅडम, चावी नाय तर वांदा आहे. वर नट वेल्ड करून काढता येईल, पण चाकाचं अलॉय जळणार. आणि वेल्डर आज संडेला कुठला? उद्या बघू."

"जाऊ दे आये," प्राप्ती म्हणाली. "रिक्षाने जाऊ."

रिक्षाने! आवडाबाईला रडायलाच आलं.

"चावी कशाला पायजे?"

ओट्यावरून आवाज आला. भिवाजी, आवडाबाईचा नवरा. तीस वर्षं त्याने होड्यांची इंजिनं खोलली, जोडली. चेंदणीपासून घोडबंदरपर्यंत कुठलीही होडी बंद पडली की भिवाजी मिस्त्रीला निरोप जायचा. दोन वर्षांपूर्वी लकवा आला आणि उजवा हात गेला. तेव्हापासून तो ओट्यावर बसून असायचा, फारसं बोलायचा नाही.

"भर पाण्यात इंजिन बंद पडलं तर चावी मागायला कुठे जायचं?" तो म्हणाला. "माझी पेटी आण."

पेटी आली. त्याने डाव्या हाताने एकेक सॉकेट, पान्याचं वाटीसारखं तोंड, बोल्टवर लावून बघितलं. पहिलं ढिलं. दुसरंही जरा ढिलंच. तिसरं बसेचना.

"हेच," भिवाजी म्हणाला.

"बाबा, हे तर जात नाहीये."

"म्हणूनच हे. ठोकून बसवायचं. घट्ट बसलं की बोल्टला पकडतं, मग चावीची गरज काय? पण घाव सरळ पायजे. तिरका बसला तर बोल्टचं तोंड जाईल आणि चाकही खरवडेल. पयले बाकीचे चार आवळ थोडे. भार त्यांनी घेतला की पाचवा मोकळा पडतो."

प्राप्तीने चार बोल्ट आवळले, बोल्टच्या भोकाभोवती फडकं लावलं, पाचव्यावर तेल सोडलं आणि हातोडा उचलला. पहिला घाव तिरका. सॉकेट उडून ठणठणत गटारापर्यंत गेलं. दुसराही तिरका. एव्हाना सुहासिनी खिडकी सोडून खाली आली होती, आजूबाजूचे चारजण जमले होते. भिवाजीने आपला उजवा हात मांडीवरून जरासा उचलला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवून दिला.

ते आवडाबाईला बघवलं नाही. "सरक," ती म्हणाली. "मना पाट दे बसायला."

"आये, तू?"

"मग कोण, तुझा उत्तममामा? चाळीस वर्षं घोळ तोडतेय मी!"

खोटं नव्हतं ते. दहा-बारा किलोचा घोळ मासा, मानेवर कोयता टेकवायचा आणि कोयत्यावर लाकडी ठोकळ्याचा एकच घाव. दुसरा घाव लागला की तुकडी फाटते आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. आवडाबाईला दुसरा घाव कधी लागत नसे. इथे फक्त घाव आडवा घालायचा होता. नव्या साडीचा पदर तिने कमरेला खोचला, पाटावर बसली, दोनदा हातोडा नुसताच हवेत फिरवून अंदाज घेतला. प्राप्तीने स्वतःचा स्कूटरवरचा गॉगल तिच्या डोळ्यांवर चढवला.

भिवाजी खाली बसला आणि त्याने डाव्या हाताने सॉकेट बोल्टवर धरलं.

"हात काढा तुमी."

"काढला तर तिरकं होईल. मार."

"अवो, एकच हात राहिलाय तुमचा!"

"म्हणून तर तुझ्या हाती दिलाय. मार. तू कधी चुकलीस?"

आवडाबाईने हातोडा उचलला, आणि तो हवेतच थांबला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! तिला कळलं, असा घाव घालता येणार नाही. पोटात ही गोष्ट ठेवून नाहीच. तिने हातोडा खाली ठेवला.

"चुकले," ती म्हणाली. आवाज बाजारातलाच, मोठा. सगळ्यांना ऐकू गेला. "चावी मीच खाडीत टाकली. लाल पिशवी बघितली, मना वाटलं कोणी करणी केलीय. तो मास्तर खरं बोलत होता गो. अडाणी म्हण मना, काय पायजे ते म्हण. पण त्याला खोटा नको म्हणू."

प्राप्ती आईकडे नुसती बघत राहिली.

भिवाजीने सॉकेटवरची पकड सोडली नव्हती. "झालं बोलून?" त्याने विचारलं. "आता मार."

आणि आवडाबाईने मारला. ठण्ण! सॉकेट जागचं हललं नाही. दुसरा. ठण्ण! तिसऱ्या घावाला आवाज बदलला, भरीव झाला. भिवाजीने हात काढला. सॉकेट बोल्टवर असं घट्ट बसलं होतं की जणू तिथेच घडवलंय. भिवाजीचं एक बोटही दुखावलं नव्हतं.

"आता पोरी तू," तो म्हणाला. "पान्याला पाइप लाव. झटका नको देऊ, नुसता दाब दे."

प्राप्तीने पाइपवर दोन्ही हातांनी जोर लावला. लावत राहिली. मान लाल झाली, ओठ दाबले गेले, आणि कट्टकन आवाज आला. बोल्ट सुटला! सुहासिनीने टाळ्याच वाजवल्या. चाकावर ओरखडासुद्धा नाही. भिवाजीने चाकावरून डावा हात फिरवून खात्री केली आणि म्हणाला, "काढला." त्या एका शब्दात दोन वर्षांची कसर भरून निघाली. आवडाबाई त्याच्याकडे बघून अशी हसली की लोकांसमोर त्यालाच लाजल्यासारखं झालं.

स्टेपनी चढली, चार बोल्ट आवळले गेले, आणि प्राप्तीने पुन्हा फोन लावला. "काका, मी चुकले. मी तुम्हाला नको ते बोलले..." पुढचं तिला सुचेना. आवडाबाईने फोन ओढूनच घेतला.

"मास्तर, मी आवडाबाई, पोरीची आई. चावी मी खाडीत टाकली. खोटे तुमी नाय. खोटी मी, अर्धा तास गप्प बसले."

म्हातारा म्हणाला, "फोन केलात, बरं वाटलं. मघापासून जेवणावर वासना नव्हती हो." आणि मग, शिक्षकच तो, "पण चावीशिवाय काढलात कसा?" आवडाबाईने त्याला सगळं सांगितलं. सॉकेटच्या मापापासून तिसऱ्या घावाच्या आवाजापर्यंत. पदर खोचल्याचंही सांगितलं. म्हातारा म्हणाला, आमच्या हिला सांगतो, पिशवी इतकी छान शिवू नये म्हणून.

गाडीत बसताना प्राप्ती चावी फिरवता फिरवता थांबली. "आये, मी तुला अडाणी म्हणेन असं वाटलं तुला?"

आवडाबाई समोर बघत म्हणाली, "वाटलं."

"वेडी आहेस," प्राप्ती म्हणाली, आणि तेलाने काळा झालेला आईचा हात तिने गिअरवर स्वतःच्या हाताखाली ठेवला. मागच्या सीटवर भिवाजी इस्त्रीच्या शर्टात ताठ बसला होता.

माजिवड्याला साधा बोल्ट बसवून घ्यायला थांबले, तर बंटी त्या सॉकेटात अडकलेल्या बोल्टकडे बघतच राहिला. "कोणी काढला?"

"माझ्या आयेनं," प्राप्ती म्हणाली. बंटीने आवडाबाईला नमस्कार करायचं तेवढं बाकी ठेवलं.

कल्याणला पोहोचायला पाऊण तास उशीर झाला. उत्तम दारातच उभा होता. बहीण गाडीतून उतरली, पुढच्या सीटवरून. आठ वर्षं वाट बघितलेला क्षण, पण उत्तमची नजर गेली ती तिच्या हातांवर. "अगं आवडे, गाडीतून येतेस आणि हात हे असे? पोरगी शिकली तरी काळे ते काळेच?"

आवडाबाईने उत्तर तयार ठेवलं होतं, आठ वर्षांचं. पण प्राप्ती पुढे झाली. तो बोल्ट तिने पर्समधून काढून मामाच्या तळहातावर ठेवला.

"हे बघ मामा. टायरवाला नाही म्हणाला, वेल्डर मिळाला नाही. बाबांनी अक्कल दिली आणि आयेनं घाव घातला. बाबांचा हात इथे, आणि हातोडा इथे! माझ्याच्याने झालं नाही, एवढी शिकून. तीन घाव, फक्त तीन."

उत्तम बोल्ट उलटापालटा करून बघू लागला. मांडवातल्या बायका उठून आल्या, कोणीतरी म्हणालं पुन्हा सांग गो, आणि प्राप्ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. हात उडवत, आवाज चढवत, हुबेहूब बाजारातल्या आवडाबाईसारखी. आणि आवडाबाई गप्प. सकाळचा धरून तिच्या आयुष्यातला हा तिसरा प्रसंग. डोळे भरून आले होते, पुसायला गेली तर तोंडाला तेल लागलं असतं, म्हणून तशीच उभी राहिली.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, पोरगी लाल पिशवी गाळून सांगतेय. आईला सांभाळून घेतेय.

"ए गो," आवडाबाई ओरडली, मांडवाच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. "अर्धी काय सांगतेस? चावी खाडीत कोणी टाकली, ते पण सांग!"