पट्ट्याला जाळी नव्हती

मी एक जुना गुलाबी कागद आहे. लोक मला पत्रक म्हणतात, तेही हातात धरेपर्यंत. पुढे रद्दीच. मित्रांनो, माझं वय जेमतेम आठ महिने आहे, पण हसू नका. पत्रकानं दुसरा दिवस पाहिला की ते म्हातारं झालं समजायचं. माझी भावंडं बाजाराच्या दिवशीच संपली. कुणी भज्यांखाली गेलं, कुणी मोटारसायकलची सीट पुसायला. मी तेवढा टिकलो, आणि टिकल्यापासून माझं डोकं तापलेलं आहे. ते का, ते सांगतो.

जळकोटच्या पुढे हायवेला लागून एक खडी केंद्र आहे. दगड आत जातो आणि खडी होऊन रबरी पट्ट्यावरून बाहेर येतो. पट्ट्याखाली सांडलेली खडी बायका घमेल्यात भरतात आणि पुन्हा वर टाकतात. पट्टा फिरवणाऱ्या रुळांना जाळी लागते. ती तिथं नव्हती. एका सकाळी त्यांच्यातल्या मल्लम्माचा पदर रुळात अडकला आणि पदरामागोमाग तिचा उजवा हात गेला. मालकानं दुपारी पट्टा पुन्हा सुरू केला. "बाईच धांदरट," एवढं म्हणाला आणि जेवायला गेला.

त्या रागातून माझा जन्म झाला. लाल बावटा या कामगार संघटनेचे नागप्पा हे एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक. त्यांनी मला लिहिलं आणि प्रसेनजितच्या छापखान्यात नेलं. 'मल्लम्माच्या हाताला जबाबदार कोण? पट्ट्याला जाळी लावा!' अशी ठळक अक्षरं माझ्या कपाळावर आली. मला फार अभिमान वाटला होता तेव्हा.

आता आमच्याकडची रीत ऐका. इकडे कोणताही कागद नावांशिवाय छापत नाहीत. जत्रा असो, जयंती असो, लग्न असो, खाली 'आपले नम्र' म्हणून नावांची रांग लागते आणि लोक आधी तीच वाचतात. कुणाचं नाव राहिलं तर वर्षभर रुसवा. नागप्पांनी मजुरांना विचारलं, तेव्हा तीच हौस उसळली.

"काका, माजं बी टाका."

"माजं जरा वर घ्या की. म्या लई जुना हाय हितं."

सुमनबाई बनसोडे पट्ट्यावर मल्लम्माच्या शेजारी काम करायच्या. त्या म्हणाल्या, "माजं शेवटाला टाका, पर टाका. तिचा हात म्याच वढून काढलाय."

अशी सहा मजुरांची नावं माझ्या पायाशी छापली गेली. जत्रेचं पत्रक वेगळं आणि मालकाविरुद्धचं वेगळं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं बावटा धरलेल्या नागप्पांच्याही नाही! याचा मला आजही संताप येतो. मालकाला माणसं शोधावी लागली नाहीत. आम्हीच ती ठळक टायपात त्याच्या हातात दिली.

बाजारात आम्हाला वाटलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मालकानं सहाही जणांना केबिनमध्ये बोलावलं. ओरडला नाही. चहा मागवला. मुकादम श्रीशैलनं व्हिडिओ घ्यायला मोबाइल काढला. मी टेबलावर पडलो होतो.

"ह्यो कागद हातात धरायचा," मालक म्हणाला, "आन म्हणायचं, माजं नाव मला न विचारता छापलं. बस्स. उद्यापासून कामावर या. न्हाय तर गेट हायच."

मित्रांनो, मी या हातातून त्या हातात गेलो. पहिल्यानं मान खाली घालून ते वाक्य म्हटलं. दुसरा तर पुढे म्हणाला, "ह्ये समदं खोटं हाय." एवढं त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. आपलं नाव वर घ्यायला लावणारा तो हाच. त्याच्या बोटांतच फाटून जावं असं मला झालं. प्रत्येकाच्या घरी चूल आहे, लेकरं आहेत, हे मला कळतं. कळतं म्हणून राग जात नाही.

पाच जण झाले. राहिल्या सुमनबाई. त्यांना वाचता येत नाही, पण सही करायला शिकल्यामुळे आपलं नाव ओळखता येतं. त्यांनी माझ्यावरची ओळ शोधून तिच्यावर बोट ठेवलं.

"बोला, मावशी," श्रीशैल म्हणाला.

"ह्ये नाव माजं हाय. मला इचारून छापलंय. मल्लम्माचा हात रुळात गेला तवा म्या तिथं व्हते. जाळी न्हवती. आजबी न्हाय."

"आवो मावशी, तसं न्हाय म्हणायचं!"

"मंग कसं म्हणू? जाळी व्हती म्हणू?"

मालकानं कप खाली ठेवला. "ते पुसून टाक रे," एवढंच म्हणाला. श्रीशैलनं काचेवर बोट फिरवलं आणि सुमनबाईंचं बोलणं नाहीसं झालं. बाकी पाच जणांचं संध्याकाळपर्यंत गावातल्या मोबाइलांवर फिरू लागलं. पत्रक खोटं निघालं, असं हॉटेलात बोलणं सुरू झालं. ज्यांनी मल्लम्माला उचलून दवाखान्यात नेलं होतं, तेही म्हणू लागले, "बाईचीच चूक असंल." लाज कशी वाटली नाही यांना?

सुमनबाईंचं काम गेलं. मला त्यांनी केबिनमधून बरोबर आणलं होतं, तेव्हापासून मी त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहे.

काल नागप्पा आले. मल्लम्मा आधीच येऊन बसली होती. नवं पत्रक काढायचं ठरलं होतं, आणि मजकूर जुळवायला सुमनबाईंनी मला बाहेर काढलं होतं. नागप्पा चाचरत म्हणाले, "या येळी नावं नकोत, सुमनबाई. निस्तं संघटनेचं टाकू. नावापायी माणसं अडकली."

"बिननावाचा कागद कोण खरा मानंल?" सुमनबाई कडाडल्या. "पाच जण खोटं बोलले ते तोंड दावून. आन आमी खरं बोलायचं ते तोंड लपवून व्हय? माजं नाव टाका. पयलं टाका."

मल्लम्मा चिडली की आधी कानडीत बोलते. "नन्न हेसरू हाकरी!" ती म्हणाली, आणि मग नागप्पांकडे रोखून बघत, "माजं बी टाका. हात गेलाय माजा. नाव हाय आजून."

नागप्पांनी दोन्ही नावं लिहिली. मग त्यांच्या खाली स्वतःचं नाव लिहिलं. माझ्यावर ते नव्हतं, मित्रांनो. सहा मजुरांना पुढे करून ते 'लाल बावटा' या दोन शब्दांमागे उभे राहिले होते. सुमनबाईंनी हे त्यांना बोलून दाखवलं नाही. मी मात्र तुम्हाला सांगतो आहे.

नवं पत्रक उद्या जळकोटच्या फाट्यावर वाटतील. तुमच्याही हातात येईल. त्याची होडी करू नका, विमान करू नका. मला पेटीत जपून ठेवल्याचं कौतुकही करू नका. पट्ट्याला अजून जाळी नाही. सुमनबाईंच्या जागी आता महेश्वरी नावाची पोर लागली आहे. सीमेपलीकडच्या कानडी मुलखातून नुकतीच लग्न होऊन आली. पदर कमरेला खोचायची तिला अजून सवय नाही, आणि मराठी कळतं, पण वाचता येत नाही. तुम्हाला येतं. सकाळी शाळेला जाताना ते खडी केंद्र वाटेतच लागतं. तिला गेटपाशी गाठा आणि वाचून दाखवा, ती घमेलं घेऊन पट्ट्याखाली वाकायच्या आत.