चंदाबाईची वाडी

डोंगाटोल्यात आरोग्य उपकेंद्राला जागा मिळत नव्हती. गाव वैनगंगेच्या काठचं, निम्मी वस्ती मासेमारी करणाऱ्या ढिवरांची, आणि तीच पुराच्या पाण्यात जाणारी. वरच्या अंगाला ज्यांच्या जागा होत्या त्यांनी नकार दिला. जागा नसेल तर इमारत दुसऱ्या गावाला जाईल, असं सरपंचांनी सभेत सांगितलं, तेव्हा चंदाबाई उठली आणि आपली वाडी देते म्हणाली.

तिचं घर खालच्या गल्लीत होतं, पण वाडी वर, सडकेला लागून. तिथली वांगी आणि वालाच्या शेंगा ती मासळीसोबत चामोर्शीच्या बाजारात नेऊन विकायची. नवरा गेल्यापासून त्या वाडीचाच आधार होता. मुलगा सूरज खूप रागावला. तिनं त्याला एवढंच सांगितलं, की तुझ्या आधीची दोन लेकरं दवाखान्याच्या वाटेवरच गेली.

इमारत झाली. फीत कापली गेली, चंदाबाईच्या खांद्यावर शाल पडली. मग दाराला कुलूप लागलं. नर्सची नेमणूक झालीच नाही, किल्ली तालुक्याला राहिली. आत ठेकेदाराचं उरलेलं सिमेंट पडून होतं. कोणी साहेब गावात आला की चंदाबाई विचारायची, नर्सबाई केव्हा येणार. लवकरच, असं उत्तर मिळायचं. दोन पावसाळे असेच गेले.

तिसऱ्या पावसाळ्यात सून डिंपल पोटुशी होती. दिवस भरत आले तेव्हा नदी फुगली, नाल्यावरून पाणी गेलं आणि सडक बंद झाली. सकाळी डिंपलला कळा सुरू झाल्या. गावची आशा कार्यकर्ती असलेल्या नंदिनीनं फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली. ती आली, पण नाल्याच्या पलीकडेच थांबली. पाण्याला ओढ इतकी, की डोंगा, म्हणजे लहान होडी, घालायला कोणी धजेना. तोवर खालच्या गल्लीत पाणी शिरलं. बाजेचे पाय बुडाले. नंदिनी पुन्हा फोन लावत होती आणि पलीकडून तिला धीर धरायला सांगत होते.

चंदाबाईनं सूरजला बाज उचलायला लावलं. शेजारच्या बायांनी डिंपलवर ताडपत्री धरली आणि सगळे वर, उपकेंद्रापाशी आले. नंदिनी म्हणाली, सरकारी कुलूप आहे, माझं काम जाईल. चंदाबाईनं तिला बाजूला केलं आणि पहार घेऊन स्वतः कुलूप फोडलं.

आत सिमेंटच्या पोत्यांचे दगड झाले होते. बाळंतपणाचं टेबल अजून प्लॅस्टिकात गुंडाळलेलं होतं. बायांनी प्लॅस्टिक फाडून काढलं. नळाला पाणी नव्हतं, औषधाचं कपाट रिकामं होतं. दुपारी डिंपलला मुलगी झाली आणि ती चांगली खणखणीत रडली. बाया हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की डिंपलचं रक्त थांबत नाही. नंदिनीनं फोनवर विचारलं तेव्हा डॉक्टरांनी एका इंजेक्शनचं नाव सांगितलं आणि ते उपकेंद्रात असतंच म्हणाले.

शेवटी सूरजनंच बायकोला डोंग्यात घातलं आणि वाहत्या पाण्यातून पलीकडच्या गाडीपर्यंत नेलं. चंद्रपूरला तिची गर्भपिशवी काढावी लागली, तेव्हा कुठे ती वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा पोरीला दूध कोण पाजत आहे ते विचारलं. गल्लीतलीच एक बाळंतीण पाजत होती.

पाणी ओसरलं आणि पोलीस आले. सरकारी मालमत्तेची नासधूस झाली होती. कोणी फोडलं, असं त्यांनी विचारलं. चंदाबाई म्हणाली, "मी फोडलं. जागाबी मीच देल्ली होती."

गुन्हा दाखल झाला. त्यानंतर काही दिवसांनी तालुक्याचे आरोग्याचे साहेब तिच्या घरी आले. नंदिनीला सोबत आणलं होतं. ती दाराशीच मान खाली घालून उभी राहिली. साहेब गोड बोलले. त्यांनी वर कळवलं होतं, की पूर असूनही डोंगाटोल्याचं उपकेंद्र चालू होतं आणि तिथे एक सुखरूप बाळंतपण झालं. शेजारच्या केंद्राची नर्स त्या दिवशी इथेच होती, एवढं चंदाबाईनं सांगावं. दार उघडंच होतं असं ठरलं, की तक्रारही राहणार नाही.

चंदाबाईनं पोरीला मांडीवर घेतलं होतं. सूरजला वाटलं, आई हो म्हणेल. त्यालाही तेच हवं होतं.

"नर्सबाई होती म्हनू?" ती म्हणाली. "मंग माह्या सुनेचं रगत वाहून राह्यलं होतं तवा ते काय करत होती, तेबी सांगा. मले तसं सांगता येत नाई."

साहेबांनी चहा तसाच ठेवला. जाताना नंदिनीनं चंदाबाईच्या पायाला हात लावला आणि जीपमध्ये जाऊन बसली.

तक्रार राहिली. उपकेंद्राला लोखंडी दार बसलं. नर्स अजून आलेली नाही. चालू केंद्राला आणखी माणूस कशाला, असं उत्तर सरपंचांना मिळालं. चंदाबाई तारखेला कोर्टात जाते, त्या दिवशी तिचा बाजार बुडतो. सूरज तिच्याशी नीट बोलत नाही. डिंपल उठून कामाला लागली आहे, पण पाण्याची घागर घेऊन येताना दोनदा खाली बसते. गावातल्या पोटुश्या बाया आता पाऊस लागायच्या आधीच गाव सोडून, नाल्यापलीकडच्या कोणा नातेवाइकाकडे राहायला जातात. ज्यांचे असे नातेवाईक नाहीत, त्या गावातच राहतात.