शिकलेली थोरली

मला दोन मुली आहेत असं मी मुकादमबाईंना सांगितलं, तेव्हा माझी एकुलती एक मुलगी माझ्या शेजारीच उभी होती.

"शिकलेली ती थोरली. लग्न होऊन लांब गेली," मी म्हणाले. "ही बारकी. हिचं अभ्यासात डोकंच चाललं नाही. आठवीत शाळा सोडली."

बारकी मान खाली घालून उभी होती. तिला हे नाव त्या क्षणी मिळालं आणि दुपारपर्यंत लॉन्ड्रीभर झालं.

चूक माझीच होती. तीन वर्षांपूर्वी तिला पदवी मिळाली त्या दिवशी मी इथे सगळ्यांना मिठाई वाटली होती. मुकादमबाईंनी एक तुकडा तोंडात टाकत "कशात झाली?" असं विचारलं होतं आणि मी छाती काढून "रसायनशास्त्रात" म्हणाले होते. ते विसरणारी ती बाई नव्हती. म्हणून थोरली जन्माला घालावी लागली.

आमची लॉन्ड्री एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात आहे. तिथे मी एकोणीस वर्षं काढली. ठेकेदाराला शिकलेली माणसं नको असतात. मागे एका पदवीवाल्याने करारपत्र वाचलं, जादा वेळेचे पैसे मागितले आणि वर आणखी चौघांना ते वाचून दाखवलं. तेव्हापासून अर्जावर छापलेलंच असतं, शिक्षण आठवीच्या वर नको.

"तुमच्या शब्दावर घेते, मावशी," मुकादमबाई म्हणाल्या. "खोटं निघालं तर दोघी बाहेर. मला वरचे विचारतात."

दोघी बाहेर म्हणजे काय, ते मला पुरतं कळत होतं. घरभाडं तीन वर्षांत तीनदा वाढलं होतं. तेल, गॅस, बसचं तिकीट, सगळंच चढत गेलं होतं आणि माझा पगार सहा वर्षं होता तिथेच होता. पोरीला एका प्रयोगशाळेने बोलावलं, सहा महिने बिनपगारी, मग बघू. दुसरीकडे पगार होता, पण तो चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईपेक्षा कमी. घरमालक दारात येऊन हसत म्हणाला, "ताई, पुढच्या महिन्यापासून जमणार नसेल तर आत्ताच सांगा. माझ्याकडे रांग लागलीय." तो चिडून बोलला असता तर बरं वाटलं असतं. हसतो, म्हणून त्याची भीती वाटते.

कामावर यायच्या आधी आठ दिवस मी तिची तयारी करून घेतली. बाकीच्या आया पोरांना अक्षर सुधारायला बसवतात, मी बिघडवायला बसवलं. तिचं अक्षर मोत्यासारखं. लॉन्ड्रीत प्रत्येक जोडीला नोंदवहीत लिहावं लागतं, चादरी किती आल्या, फाटक्या किती, डाग न गेलेल्या किती. त्या वहीतच ती पकडली गेली असती. मी स्वतः बेचाळिसाव्या वर्षी पाटी हातात घेतली, त्यामुळे हा धडा मला देता येत होता.

"असं नाही," मी म्हणायचे. "तू लिहितेस. मी काढते. आधी वरची रेघ मार, मग तिला एकेक अक्षर टांग. आणि दाबून. मागच्या पानावर उमटलं पाहिजे."

"आई, बोटं दुखतात गं."

"दुखू देत. माझी अजून दुखतात."

ती हसली. "तीन वर्षं कॉलेजात उगाच घालवली. खरी परीक्षा तर तुझ्याकडेच होती."

अक्षर जमलं, डोळे जमेनात. शिकलेल्या माणसाला कुठेही काही लिहिलेलं दिसलं की डोळे आपोआप तिकडे धावतात. त्याला स्वतःला कळतही नाही. मी साबणाचं वेष्टन तिच्यासमोर धरायचे आणि तिची बुबुळं बघायचे. "वाचलंस," मी म्हणायचे. "नाही वाचलं." "वाचलंस. परत."

आमच्याकडे आठवीपर्यंत गेलेलेही अक्षरं जुळवतच वाचतात, झरझर वाचणारा लगेच ओळखू येतो, हे मुकादमबाईंनाही ठाऊक होतं. त्या भिंतीवर कागद चिकटवायच्या आणि कागदाकडे पाठ करून आमच्या तोंडांकडे बघत उभ्या राहायच्या. गेल्या वर्षी एक मुलगी अशीच सापडली. कुणी वाचून दाखवायच्या आधीच तिच्या कपाळाला आठी पडली. दुपारच्या जेवणाआधी तिचा एप्रन खुंटीला लटकत होता.

बारकी लागून दोन आठवडे झाले आणि तसाच एक कागद लागला. सगळ्यांना वाचून दाखवायचं काम माझं. मी खिशातून चष्मा काढला, ओळीखाली बोट ठेवलं आणि एकेक शब्द सोडवत गेले. "यंदा... पगारात... वाढ... होणार... नाही." शेवटचा शब्द येईपर्यंत बारकी बुटांकडे बघत होती. मग इतरांबरोबर, बरोबर त्याच घटकेला, तिने मान वर केली. मला तिचं कौतुक वाटलं आणि भीतीही.

"यात नवीन काय?" डॉक्टर म्हणाला. "मागच्या वर्षीचाच कागद धुऊन, इस्त्री करून लावलाय."

सगळे हसले. डॉक्टर म्हणजे यंत्रांत रसायनं ओतणारा आमचा म्हातारा. धुण्याच्या रसायनांना आम्ही औषधं म्हणतो, म्हणून तो डॉक्टर. त्याला वाचता येत नाही, तो झाकणांच्या रंगावर चालतो. पांढरं झाकण ब्लीचचं, निळं झाकण शेवटच्या पाण्यात घालायच्या आम्लाचं. बावीस वर्षांत त्याची चूक झाली नव्हती, कारण बावीस वर्षांत झाकणं बदलली नव्हती.

पुढचे पाच महिने मी रोज सकाळी तीच भीती घेऊन जिना उतरले. मुकादमबाई नोंदवहीचं पान उलटून त्याच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवायच्या. अक्षरं उमटलेली असायची. मग त्या वही मिटायच्या.

चादरीची घडी घालायला दोघी लागतात. टोकं धरून लांब उभं राहायचं, झटकायची, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि टोकाला टोक लावायचं. तेवढ्या वेळात दोघींची तोंडं वीतभर अंतरावर येतात आणि मध्ये चादर असते. कामावरचं आमचं सगळं बोलणं तिथे व्हायचं, एका चादरीला एक वाक्य.

मग एका मंगळवारी नवीन पिंपं आली. ठेकेदाराने कुठलातरी स्वस्तातला पुरवठादार धरला होता. डॉक्टरने यंत्रापुढच्या बादलीत ब्लीच ओतलं, पण जुनं पिंप संपलं आणि बादली अर्धीच भरली. तो नवीन मालातलं पांढऱ्या झाकणाचं पिंप गडगडत घेऊन आला आणि त्याने झाकण फिरवलं.

मी चादर घेऊन पुढे गेले. बारकीच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"आई, त्यात आम्ल आहे. लेबलवर लिहिलंय. त्याला थांबव."

टोकं माझ्या हातात आली. आता मागे सरायला हवं होतं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.

"दोन्ही एकत्र झालं की विषारी वायू होतो. तळघर आहे, आई."

मी लगेच ओरडले नाही. आधी मुकादमबाई कुठे आहेत ते पाहिलं. त्या इस्त्रीच्या यंत्रापाशी होत्या, आमच्याकडेच तोंड करून. "तुला कसं कळलं?" असं त्या विचारणार, हे मला दिसत होतं. घरमालकाचं हसणंही दिसलं. डॉक्टरने पिंप मांडीवर टेकवून वाकवायला घेतलं होतं. तेवढ्यात बारकीने श्वास आत ओढला. ती ओरडणार होती. ती ओरडली असती तर सगळं संपलं असतं.

म्हणून मी ओरडले. "डॉक्टर! थांब! ओतू नकोस!"

तो दचकला. पिंप हललं आणि घोटभर आम्ल बादलीत पडलंच. बादलीत खळखळ झाली, वर हिरवट-पिवळी वाफ आली, आणि कुणीतरी आतून गळा आवळल्यासारखं झालं. "बाहेर! सगळे बाहेर!" मुकादमबाई ओरडत होत्या. बारकीने ओल्या चादरीचा बोळा माझ्या नाकाशी दाबला आणि मला ओढत उतारावरून अंगणात आणलं. दोघांनी डॉक्टरला काखेत धरून आणलं. तो खोकत होता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण जिवंत होता. घोटाऐवजी अर्धी बादली ओतली असती तर आम्ही किती जण वर आलो असतो, कुणास ठाऊक.

दोन तासांनी पंखे लावून हवा साफ झाली. मग मुकादमबाईंनी मला पिंपापाशी उभं केलं. बाकीचे मागे गोळा झाले.

"काय लिहिलंय, मावशी? वाचा."

मी चष्मा लावला, बोट ठेवलं. वरचा एक शब्द मोठा होता, खालची अक्षरं मुंगीएवढी. "आम्ल... यात... सोडियम..." पुढचा शब्द बोटापेक्षा लांब होता. मी त्याच्या सुरुवातीला जाऊन परत परत आपटत होते. मागे बारकी उभी होती. तो शब्द तिच्या जिभेवर तयार असणार, हे मला पाठीला जाणवत होतं.

"पुढे?"

"येत नाही, बाई. फार जोडाक्षरं आहेत."

"चष्मा लावून, नाकाशी धरून येत नाही," मुकादमबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि तिकडून, पंधरा पावलांवरून, चष्म्याशिवाय आलं?"

माझा हात आपोआप एप्रनच्या खिशावर गेला, जिथे तेव्हा चष्मा होता.

"मीच विचारलं होतं सकाळी," मागून घोगरा आवाज आला. डॉक्टर खुर्चीवर बसून बोलत होता. "नवा माल आलाय, मावशी, जरा बघून ठेव म्हटलं. तिने सांगितलंही, पांढऱ्याला हात लावू नकोस म्हणून."

"मग तुम्ही तेच उचललंत?"

"बाई, माझं डोकं तुम्हाला माहीत आहे. सकाळचं दुपारी राहत नाही."

कुणीतरी खुसकन हसलं. मुकादमबाई हसल्या नाहीत. त्या बारकीकडे बघत होत्या. बारकी बुटांकडे बघत होती, पण इतकी निरखून की बुटांकडे तसं कुणी बघत नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, जरा इकडेतिकडे बघ.

"ठीक आहे," मुकादमबाई शेवटी म्हणाल्या. "उद्यापासून औषधं मावशी बघतील. प्रत्येक पिंप वाचायचं, कुठलं कशात किती ते सांगायचं, डॉक्टर ओतेल. काही चुकलं तर मावशी जबाबदार."

"आणि पगार?" डॉक्टरने विचारलं.

"भिंतीवर लावलाय की कागद."

त्या निघाल्या. दोन पावलं जाऊन वळल्या आणि अगदी घरच्या माणसासारखं बोलल्या. "अडलं तर थोरलीला विचारत जा, मावशी. रसायनशास्त्रच ना तिचं?"

"हो, बाई."

"लांब असते म्हणालात."

"हो."

"मग फोन करा. रोज करा." आणि तिच्याकडे न बघता, "बारकी, चादरी पडल्यात."

आम्हाला काढलं नाही याचा आनंद मला बसथांब्यापर्यंतही पुरला नाही. त्यांना कळलं होतं. कळूनही ठेवलं होतं, आणि का ठेवलं तेही उघड होतं. ज्या दिवशी गरज सरेल किंवा माझ्या हातून एक झाकण चुकेल, त्या दिवशी त्या बारकीचा तो आठवीचा अर्ज पुढे करणार. बारकी बसमध्ये खिडकीतून बाहेर बघत होती. "निदान पदवी कामाला तरी लागली," ती म्हणाली. मी हसले नाही, तीही हसली नाही.

तेव्हापासून रोज सकाळी ती मला घरून शिकवून पाठवते. कुठलं औषध कशाजवळ ठेवायचं नाही, किती पाण्यात किती. मी घोकत जिना उतरते. चादरीआड ती मला विचारते, मी सांगते, ती डोळ्यांनी हो म्हणते. रोज पिंपासमोर उभी राहिले की मला वाटतं, आजच विसरणार.

म्हणून परवा, सुट्टीच्या दिवशी सकाळी, मी तिला म्हटलं, "सगळं एकदा कागदावर लिहून दे. मी पाठ करते."

ती जमिनीवर बसून लिहायला लागली. मी भाजी चिरत होते. बराच वेळ पेनाचा कर्र कर्र आवाज येत राहिला. मग तिने कागद माझ्यापुढे ठेवला.

वरच्या रेघा आधी मारलेल्या. त्यांना एकेक अक्षर टांगलेलं, काही वाकडी, काही एकमेकांवर चढलेली. मी कागद उलटा केला. सगळं मागे उमटलं होतं.

"इथे कोण बघतंय?" मी म्हणाले.

"म्हणजे?"

"नीट लिही ना. थोरलीसारखं."

ती कागदाकडे बघत बसली, जणू तो दुसऱ्या कुणी लिहिलाय. मग तिने नवीन पान घेतलं, बोटं झटकली, पेन टेकवलं. आधी वरची रेघ मारली. आणि तिथेच थांबली.

मी विळी बाजूला सारून तिच्या हाताकडे बघत राहिले. पेन पुढे सरकत नव्हतं.