बाबांचा उजवा हात

"पोरी, बाबांना कुंचला तोंडात घालू देऊ नकोस," टटलकाका म्हणाले होते. ते गावातली घरं, कुंपणं रंगवायचे. "पांढऱ्या रंगात शिसं असतं, ते विषासारखं अंगात भिनतं. माझं मनगट बघ, कसं लोंबतंय."

मी तेव्हा नुकतीच कॉलेजातून आले होते. "काका, तुम्हाला बादलीभर रंग लागतो. बाबांना थेंबभर," असं म्हणून मी मोकळी झाले.

माझे चित्रकार बाबा, असाहेल क्रेन, यांनी सेनापतींची चित्रं कधी काढली नाहीत. मक्याची कणसं सोलणाऱ्या बायका, टपालाची वाट बघणारे म्हातारे, असलंच काही. बायकांच्या टोपीची लेस रंगवायला कुंचल्याला बारीक टोक हवं, आणि ते बाबा ओठांनी काढायचे. त्यांच्या पोटात कळ आली की साऱ्या गावासारखंच आम्हीही सफरचंदाच्या आंबलेल्या रसाला दोष द्यायचो. रस बंद केला, कळा चालूच राहिल्या.

लग्नानंतर मी ओहायोला आले. या हिवाळ्याच्या तोंडावर माझ्या सात महिन्यांच्या लुसिंडाला घेऊन व्हरमाँटला बाबांकडे गेले, तर बाबांनी कुंचला हाताला सुतळीनं बांधलेला.

"हे काय, बाबा?"

"हात आळशी झालाय. लगाम घातलाय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"चित्रं सोडा म्हणाला. मी म्हटलं, आधी तू बोलणं सोड."

समोरच्या चित्रात एक आई बाळाला भरवत होती. बाळाचा चेहरा कोरा होता. "हिच्यासाठी ठेवलाय," म्हणत बाबांनी लुसिंडाच्या गालाकडे हात नेला. बोटांवर पांढरा रंग होता. मी तिला झटकन मागे ओढलं.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "ओला आहे अजून."

हात अंगरख्याला पुसत राहिले, बराच वेळ. मग खुर्ची दाराशी नेऊन तिथूनच तिला बघत बसले. त्यांचे हात साबणानं धुवून लुसिंडाला त्यांच्या मांडीवर देता आलं असतं, हे मला आगगाडी सुटल्यावर सुचलं.

ख्रिसमसपासून त्यांची पत्रं शेजारणीच्या अक्षरात येतात. 'मजेत आहे', एवढंच. लुसिंडाची छाती भरलीय, बाहेर बर्फ. मला निघता येत नाही.

तुम्ही बाबांच्या गावाकडे गेलात, तर लाकडी पुलापलीकडच्या पहिल्या घरात डोकावाल का? बाबा 'ठीक आहे' म्हणतील, ऐकू नका. घटकाभर बसा. चहाचा पेला ते स्वतः उचलतात का, तेवढं बघा.