झाकलेला काटा

टेबलावर नऊ वस्तू होत्या. इंजिनात पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडचे तीन तुकडे, चिरलेला पिस्टन, शाबूत उजवा बोल्ट, तुटलेल्या डाव्या बोल्टचे दोन भाग, रॉडचा रिकामा डबा आणि विक्रेत्याने पुढे सरकवलेला कागद.

“बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला, म्हणून तुटला,” विक्रेता म्हणाला. “तेवढं लिहून द्या, मिस्त्री. नवा रॉड आजच घेऊन जा. तसंही, रेसमध्ये वापरलेल्या मालाला हमी नसते.”

“डब्यावर ‘खास रेससाठी’ छापलंय,” मिस्त्रींची मुलगी म्हणाली. “मग काय काचेच्या कपाटात ठेवायचा होता?”

“ताई, जिभेनं इंजिन चालत नाही.”

“तुमच्या रॉडनंही नाही चाललं.”

मिस्त्री हसले नाहीत. ट्रॅकवरचे निम्मे रेसर त्यांच्या हाताच्या भरवशावर गाडी पळवत. असा कागद एकदा बाहेर गेला, की त्यांच्याकडे कुणी साधा नट आवळायलाही येणार नव्हतं. तरी त्यांनी खिशातून पेन काढलं.

“बाबा, सही नाही करायची.”

“त्या रेसमध्ये पडून तुझ्या दादाचा पाय प्लास्टरमध्ये आहे. विषय मिटवून टाकू.”

“पण चूक कुणाची?”

 मिस्त्रींची नजर तिच्या उजव्या मनगटावर होती. रेसच्या आदल्या दिवशी त्यांचा खांदा धरला होता, आणि दोन्ही बोल्ट तिने आवळले होते. हे त्या दोघांनाच ठाऊक होतं.

“तुम्हाला वाटतंय, माझ्याकडून झालं,” ती हळू म्हणाली.

“मी तसं म्हटलं का?”

“नाही म्हटलंत. म्हणून तर.”

ती विक्रेत्याकडे वळली.

“बोल्ट यांनी नाही, मी आवळलाय. यांनी शिकवलं तसा, नुसत्या हाताच्या अंदाजानं.”

“घ्या! म्हणजे कबूलच केलंत.”

“कबूल कसलं? मोजा.”

तिने त्याच्याच फळीवरचा तसलाच नवा रॉड काढून टेबलाच्या कडेच्या व्हाइसमध्ये घट्ट पकडला. आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना मागून घेतला आणि त्याच्या तबकडीवर काळी चिकटपट्टी लावली. नव्या रॉडच्या डब्यातल्या पत्रकावर बोल्ट आवळण्याची मर्यादा दिली होती: चाळीस ते चव्वेचाळीस न्यूटन मीटर.

“ही पट्टी कशाला?” विक्रेत्याने विचारलं.

“मला काटा दिसायला नको. आणि तीनदा करते. एकदा बरोबर आलं, तर योगायोग म्हणाल.”

“आणि चुकलं तर?”

“तर सही मी करीन. माझ्या नावानं.”

मिस्त्रींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तोवर तिने पाना लावला होता. ती ओढायची, हाताला पटलं की थांबायची आणि भिंतीकडे तोंड करायची. विक्रेता पट्टी उचलून काटा बघायचा, आकडा फळ्यावर लिहायचा. मग बोल्ट सैल करून पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्यांदा खडू थांबल्यावर ती वळली.

फळ्यावर ४२, ४३, ४२ असे आकडे होते.