पोट मऊच होतं

फुटलेला अल्सर म्हणजे म्हाताऱ्या सर्जनच्या हातचा मळ. त्याच्या उमेदीच्या काळात असे रोगी यायचे ते बहुतेक तरणेताठे पुरुष. सिगारेटी फुंकणारे, उपाशीपोटी राबणारे. सुरी खुपसल्यासारखी कळ यायची आणि पोट फळीसारखं टणक व्हायचं. "नुसता हात ठेवा, पोट स्वतःच सांगतं," असं तो विद्यार्थ्यांना बजावायचा. जठराला पडलेलं भोक बुजवून वर पोटातल्याच चरबीच्या पडद्याचं ठिगळ लावलं की आठवड्याभरात गडी आपल्या पायांनी घरी. पुढे जठरातल्या जंतूवर औषध निघालं, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आल्या, आणि असे रोगी जवळजवळ यायचेच बंद झाले. तोही निवृत्त झाला.

बायकोला संधिवात होता. गोळ्या तोच लिहून द्यायचा. एक दुखण्यावरची, एक स्टिरॉइडची.

एका सकाळी ती म्हणाली, "अहो, पोटात कसंतरीच होतंय."

त्यानं तिला निजवून हात ठेवला. पोट मऊ होतं.

"गॅस झालाय. गरम पाणी पी."

"जन्मभर लोकांची पोटं फाडलीत, आणि माझ्या वाट्याला गरम पाणी!" ती हसली आणि उठून बसली.

दुसऱ्या दिवशी ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिचे हातपाय गार पडले, ती असंबद्ध बोलायला लागली, तेव्हा त्याचं धाबं दणाणलं.

इस्पितळातली सर्जन त्याचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं एक्स-रे त्याच्यापुढे धरला. छातीच्या पडद्याखाली हवेची बारीक काळी कोर दिसत होती, अल्सर फुटल्याची खूण.

"पण पोट मऊ होतं गं," तो म्हणाला.

"सर, हल्ली असेच येतात. साठी-सत्तरीचे, सांध्यांच्या गोळ्या घेणारे. त्या गोळ्यांनीच अल्सर होतो, आणि स्टिरॉइड दुखणं झाकून टाकतं."

त्यानं हे वाचलं नव्हतं असं नाही. पण वाचलेल्यापेक्षा हातावर त्याचा भरवसा जास्त.

भोक शेंगदाण्याएवढंच निघालं. तासाभरात ठिगळ लावून झालं, तेही अगदी त्यानं शिकवलं होतं तसं. पण तोवर विष रक्तात भिनलं होतं. मूत्रपिंडं बंद पडली, मग श्वास मशीनवर गेला. तो खाटेशेजारी बसून पडद्यावरचे आकडे वाचत राहिला. पुढे काय होणार ते त्याला नर्सच्या आधी कळत होतं, आणि तसंच होत गेलं. पाचव्या दिवशी दुपारी सगळं संपलं.

परगावची लेक संध्याकाळी पोचली. रडून झाल्यावर तिनं विचारलं, "बाबा, आईला नेमकं झालं काय?"

"अल्सर फुटला."

"कधी?"

"रविवारी सकाळी."

"आणि इस्पितळात कधी नेलंत?"

"मंगळवारी."

"तुम्ही घरातच होतात ना?"

"होतो," तो म्हणाला.

ती उठून आईच्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.