उसना डोंगर

"थांब! काढ ती फडकी बाहेर!" मी अशी ओरडले की मेरेआनाच्या हातातला साबणाचा डबाच पडला.

ताटं पुसायची फडकी आणि माझ्या चड्ड्या एकाच मशीनमध्ये! खाण्याचं वेगळं, अंगाचं वेगळं, हे आम्हा माओरींच्यात पोर चालायच्या आधी शिकतं. आणि ही बया म्हणे आमच्यातलीच! संस्थेनं मदतनीस म्हणून पाठवताना केवढं कौतुक केलं होतं, "तुमच्या रीतीभाती जाणणारी मुलगी देतोय." गळ्यात हाडाचं कोरीव पदक, तोंडात 'किआ ओरा'चा गोड नमस्कार. मला पहिल्या दिवसापासून संशय होता. कुणी इतकं गोड बोलायला लागलं की मी कपाटाची किल्ली चाचपते.

"खरं सांग, कुणाची गं तू? तुझा डोंगर कुठला?" आमच्यात माणूस नावाआधी आपल्या घराण्याचा डोंगर सांगतो.

"तारानाकी," तिनं घडाघडा सांगितलं.

"तिथलं गाव कुठलं? घर कुणाचं?"

ती वाकून सांडलेला साबण डब्यात भरू लागली.

"बोल की! आता का वाचा बसली?"

"तो ट्रेनिंगच्या बाईंचा डोंगर आहे, आजी," ती खाली बघत म्हणाली. "माझा मला ठाऊकच नाही. चार वर्षांची होते तेव्हा सरकारी माणसं घेऊन गेली. गोऱ्यांच्या घरी वाढले. ऑफिसात सांगू नका ना. काम जाईल माझं."

तेही मला चटकन खरं वाटेना. पण माझ्या भावाची दोन पोरं अशीच एका दुपारी गाडीत घालून नेली होती. ती आज कुणाचा डोंगर सांगत असतील, कुणास ठाऊक!

अकराला संस्थेची पेनी तपासणीला आली. माझ्या नातीच्या वयाची, तरी मला नुसतं 'हुरिया' म्हणते. आली ती थेट जेवायच्या टेबलावर ढुंगण टेकवून बसली. माझे डोळे मोठे झाले. मेरेआनानं ते पाहिलं आणि लगेच खुर्ची पुढे सरकवली.

"इथे बसा ना, मॅडम."

पेनी खुर्चीत बसली, फॉर्म काढला. "ही तुमच्या रीती पाळते का, हुरिया? नसेल तर मोकळेपणानं सांगा. उद्यापासून हिला बंद करू."

मेरेआना दाराशी ओलं फडकं पिळत उभी होती. त्यात पाण्याचा थेंब उरला नव्हता, तरी पिळत होती.

"पाळते," मी म्हटलं. "तुझ्यापेक्षा तरी बरी पाळते."

पेनी हसली आणि तिनं फॉर्मवर 'हो'ची खूण केली.

ती गेल्यावर मेरेआनानं फडकी वेगळ्या पातेल्यात उकळत ठेवली. मी तिला मागच्या दाराशी नेलं.

"तो समोरचा दिसतो ना? माकेओ. माझा आहे. तुझा सापडेपर्यंत हाच सांगत जा."

तिनं नाव दोनदा पुटपुटलं. डोळे पुसायला फडकं उचललं आणि माझ्याकडे बघून पुन्हा खाली ठेवलं. बाहीनंच पुसले.

"आणि तुझा सापडला की परत कर," मी दटावलं.

संध्याकाळी ती गेल्यावर मी दोरीवरच्या फडक्यांचा एकेक करून वास घेतला. नुसता साबणाचा होता.